उघडा राहिलेला मेल

नगरमध्ये इंटरनेट नवं नवं आलं होतं. साल नव्व्याण्णव. त्या वर्षी माधुरी भिंगारदिवेला आपल्या ई-मेलच्या पत्त्याचा जरा जास्तच अभिमान वाटायला लागला होता. ती एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. धाकटा भाऊ संदीप पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत ती त्याच्याकडे गेली तेव्हा त्यानं तिला पत्ता काढून दिला. पासवर्ड कसा टाकायचा, पत्र कसं उघडायचं, उत्तर कसं धाडायचं, सगळं शिकवलं. काम झाल्यावर बंद कसं करायचं हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. संदीपचा कॉम्प्युटर त्याचा एकट्याचा होता. तो तसाच उघडा टाकून बहीणभाऊ जेवायला उठत.

परत आल्यावर तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं, की आता पोस्टमनची वाट बघायचे दिवस संपले. नववीच्या वर्गात फळ्यावर पत्ता लिहून त्यातलं ते गोल शेपटीचं अक्षर कसं वाचायचं ते पोरांना सांगितलं. पोरं घरी जाऊन आईबापांना सांगत, आमच्या मॅडमला कॉम्प्युटरवर पत्रं येतात. हे कानावर आलं की माधुरीला बरं वाटे.

दिल्ली गेटच्या अलीकडे वृषाली शिरसाठ नावाच्या मुलीनं सायबर कॅफे काढला होता. एका गाळ्यात चार-सहा कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, दाराशी काउंटर आणि काउंटरवर रजिस्टर. आलात की नाव आणि वेळ लिहायची, निघताना पुन्हा वेळ लिहून सही करायची. प्रत्येक मशीनच्या वर इंग्रजीत छापलेली पट्टी चिकटवली होती, 'जाण्यापूर्वी साइन आउट करा' अशा अर्थाची. माधुरीनं पहिल्याच दिवशी ती वाचली आणि तिला वाटलं, रजिस्टरमध्ये सही करून जा असं म्हणतायत. मग ती कधी सही करायला चुकली नाही. एकदा तर सही न करता निघालेल्या कॉलेजच्या पोराला तिनं दारातून परत बोलावलं आणि ती पट्टी मोठ्यानं वाचायला लावली. पोरगं तिच्याकडे बघतच राहिलं. वृषाली तेव्हा मागच्या खोलीत होती.

आणि मशीनचं म्हणाल, तर काम झालं की माधुरी स्क्रीनखालचं बटण दाबायची. स्क्रीन काळी व्हायची. टीव्ही बंद केल्यासारखं. ती पर्स उचलून निघायची.

शबनम तिची बी.एड.ची मैत्रीण. संगमनेरला दोघी एका खोलीत राहिलेल्या. एकीला ताप आला की दुसरीनं रात्रभर उशाशी बसावं, अशी ती मैत्री. लग्नानंतर शबनम मुकुंदनगरात राहायला आली आणि एका उर्दू शाळेत शिकवू लागली. नवरा परवेझ एसीचा मेकॅनिक. नागापूरच्या एमआयडीसीत काही दिवस काढून सौदीतल्या दम्मामला गेला होता. वर्षाकाठी एकदा महिना-दीड महिन्याच्या सुट्टीवर यायचा. लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता.

शबनमची सासू गौहर चाची तशी वाईट बाई नव्हती. माधुरी गेली की तिला खिमा-पाव खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही. पण पाहुणे आले, की शबनमच्या देखतच सांगायची, "हकीम झाले, डॉक्टर झाले, दर्ग्यावर चादर चढवून झाली. आता हिच्या नशिबातच नाही त्याला कोण काय करणार!" शबनम चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. माधुरी हातातला घास ताटात ठेवायची.

नवराबायकोला बोलायला जागाही नव्हती. दम्मामहून फोन यायचा तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवर. बूथच्या काचेच्या खोपट्याचं दार नीट लागायचं नाही. बाहेर बाकावर चार माणसं बसलेली, आणि गौहर चाची तर आतच. "तब्येत कशी आहे, जेवण नीट करता ना, यापलीकडं काही बोलताच येत नाही गं," शबनम एकदा म्हणाली.

"मग माझ्या मेलवर लिहा ना!" माधुरी म्हणाली. "त्याला तिकडं सगळी सोय असेल. फोनवरचं अख्खी गल्ली ऐकते. मेलला पासवर्ड असतो. तू, तो आणि मी, चौथं माणूस नाही."

शबनमनं जरा विचार केला. सासू तिला पोरांच्या गर्दीतल्या कॅफेत जाऊ देणं शक्यच नव्हतं. "तुला वाचावं लागेल," ती संकोचून म्हणाली.

"मी डोळे मिटून वाचीन," माधुरी हसली.

तसं सुरू झालं. परवेझ हिंदीत लिहायचा, पण अक्षरं इंग्रजी. माधुरी पंधरवड्यातून एकदा कॅफेत जायची, त्याचं पत्र छापून घ्यायची आणि शबनमला नेऊन द्यायची. तिचं उत्तर टाइप करायची. सुरुवातीला साध्याच गोष्टी असत. मग हळूहळू परवेझ मोकळा झाला. आठवण येते, झोप लागत नाही, असं लिहू लागला. माधुरी त्या ओळींवरून झरझर नजर फिरवायची. पण एवढ्या विश्वासाचं काम आपल्याकडं आहे, याचा तिला आतून अभिमानही वाटायचा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ती कॅफेत गेली, तर परवेझचं लांबलचक पत्र आलेलं. त्यानं लिहिलं होतं, की त्यानं तिकडच्या दवाखान्यात स्वतःची तपासणी करून घेतली. एकदा नाही, दोनदा. मूल होत नाही याचं कारण शबनममध्ये नाही, त्याच्यात आहे. औषधानं बरं होण्यासारखंही नाही. 'अम्मी तुला काय काय बोलते ते मला ठाऊक आहे. मी गप्प बसून ऐकत आलो, मला माफ कर. मी आलो की स्वतः अम्मीला सांगेन. तोवर कुणाला सांगू नकोस. माझ्यात तेवढी हिंमत यायला थोडा वेळ लागेल.'

माधुरीचे डोळे भरून आले. तिनं छापायला दिलं. प्रिंटर करकरत राहिला. वृषालीनं कागद फाडून, घडी घालून तिच्या हातात दिला. माधुरीला कधी एकदा मुकुंदनगर गाठते असं झालं होतं. तिनं स्क्रीनचं बटण दाबलं, रजिस्टरमध्ये सही केली आणि रिक्षा पकडली.

शबनमनं पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. मग ओट्याला टेकून कितीतरी वेळ पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"आता तरी सांग चाचींना," माधुरी कुजबुजली. "इतकी वर्षं ऐकून घेतलंस."

"नको."

"अगं, पण चूक तुझी नाहीच!"

"चूक त्याचीही नाही," शबनम म्हणाली. "मला बोलणी खायची सवय झालीय, माधुरी. त्याला नाही. पुरुषाला हे कुणी बोललं तर तो मरून जाईल. त्याला त्याच्या तोंडानं सांगू दे."

माधुरीला ते पटलं नाही. रिक्षातून परतताना तिच्या मनात आलं, कसंही करून हे त्या बाईला कळलं तर किती बरं होईल.

आठवडा गेला असेल नसेल. मधल्या सुट्टीत शिपायानं येऊन सांगितलं, सायकल स्टँडपाशी कुणीतरी बाई भेटायला आल्यात. शबनम बुरख्यात उभी होती. नकाब वर केलेला, चेहरा पांढराफटक.

"ते पत्र तू कुणाला दाखवलंस?"

"कुणाला म्हणजे? कुणालाच नाही."

"काल वलिम्याला, लग्नानंतरच्या जेवणाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एका बाईनं अम्मीला सगळ्यांसमोर विचारलं, 'बहूला उगाच नावं ठेवत होता म्हणे, खोट तर तुमच्याच पोरात निघाली.' अम्मीला काही कळेना. मग त्या बाईनं पत्रातलं वाक्य न् वाक्य सांगितलं. दोनदा तपासलं, माफी मागितली, सगळं. तिचा पुतण्या कॉलेजला जातो, त्याच्याकडून कळलं म्हणाली. चौकात पोरं परवेझचं नाव घेऊन हसतायत."

माधुरीनं तिला स्टँडच्या आडोशाला घेतलं. "तुझ्याकडचा कागद कुणाच्या हाती..."

"कागद मी त्याच रात्री चुलीत घातला." शबनम म्हणाली. "तू म्हणाली होतीस, चौथं माणूस नाही."

तेव्हा माधुरीच्या डोळ्यांपुढं एकदम वृषाली आली, प्रिंटरमधून कागद फाडून घडी घालणारी. "चौथं माणूस आहे," ती दातओठ खात म्हणाली. "कॅफेवाली. तिनंच वाचला कागद. बघतेच आता तिच्याकडं."

शाळा सुटताच ती तडक कॅफेत गेली. सगळ्या मशीनवर पोरं बसलेली, दोन मुली खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभ्या. माधुरीनं काउंटरवर पर्स आपटली.

"लोकांची पत्रं वाचायचा धंदा कधीपासून सुरू केलास?"

वृषालीनं मान वर केली. पंचविशीची, सडपातळ मुलगी. बाप वारल्यापासून घर तिच्यावरच होतं. "काय झालं मॅडम?"

"काय झालं? माझं प्रिंट काढलेलं पत्र वाचून गावभर केलंस, आणि वर काय झालं विचारतेस? एका बाईचा संसार चव्हाट्यावर आणलास तू!"

"मी कुणाचं काही वाचत नाही, मॅडम. कागद उलटाच घडी घालून देते. तुमच्यासमोर दिला होता."

"साळसूदपणा नको! मुलींनो," माधुरी उभ्या असलेल्या दोघींकडं वळली, "घरी जा. इथं तुमचं एक अक्षर लपून राहायचं नाही."

पोरांनी फळ्यांमागून माना बाहेर काढल्या. त्या दोन मुली खरोखरच निघून गेल्या. वृषालीचे कान लाल झाले होते, पण तिनं आवाज चढवला नाही. "तुम्ही शिक्षिका आहात. पुरावा असल्याशिवाय असं बोलू नये," एवढंच म्हणाली.

"मला एक मशीन दे. आधी माझा पासवर्ड बदलते. मग तुझ्याकडं बघते."

कोपऱ्यातलं एक पोरगं हा तमाशा नको म्हणून स्क्रीनचं बटण दाबून घाईनं उठलं आणि सही करून निघून गेलं. माधुरी त्याच्या खुर्चीत बसली. स्क्रीन काळी होती. तिनं बटण दाबलं.

समोर पत्र उघडं होतं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी असेल. वाचायला लागली. श्रीगोंद्याच्या कुणा पोरानं मुंबईच्या मामाला लिहिलेलं, की बारावीला नापास झालोय, बाबांना पास झालो म्हणून सांगितलंय, घरातून निघून यावंसं वाटतंय, काय करू. माधुरी वाचत गेली. खाली मामाचं उत्तर होतं, तेही तिनं वाचलं. पार शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावर तिला कळलं, की आपण परक्या माणसाचं पत्र वाचतोय. आपल्याला कुणी अडवलं नाही. पासवर्ड विचारला नाही. एक बटण दाबलं, बस्स.

हात कीबोर्डवरच राहिला. तिनं वर पाहिलं. पट्टी तिथंच होती. मग तिची नजर पत्राच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथं बारीक निळ्या अक्षरांत तेच दोन शब्द होते, साइन आउट. इतके महिने ती ते शब्द डोळ्यांपुढं घेऊन बसत होती. इंग्रजी शिकवणारी बाई. तिनं त्यावर बाण नेऊन दाबलं. पोराचं पत्र नाहीसं झालं आणि पासवर्ड मागणारं रिकामं पान आलं. तिच्या निघण्यानंतर असं रिकामं पान इथं कधीच आलं नव्हतं. दर वेळी तिनं फक्त स्क्रीन काळी केली होती आणि परवेझची पत्रं पुढच्या गिऱ्हाइकासाठी मांडून ठेवली होती. पहिल्यापासूनची सगळी.

आता उठून काउंटरवर जावं आणि म्हणावं, चुकले माझं. चार पावलांचं अंतर. पोरं अजून तिच्याकडं बघत होती, त्यातलं एक तिच्याच शाळेत शिकून गेलेलं. माधुरी उठली, पर्स उचलली आणि कुणाकडं न बघता दारातून बाहेर पडली. वृषाली मागून म्हणाली, "मॅडम, बदलला का पासवर्ड?" तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढचे दिवस तिनं कसे काढले तिचं तिला माहीत. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची, पोरं वाट बघत राहायची. फळ्यावर लिहिलेला पत्ता आठवला की तिला अंग चोरावंसं वाटे. कॅफेची गोष्ट तिच्याही आधी शाळेत पोचली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, "दिल्ली गेटच्या त्या कॅफेत मुलींची पत्रं वाचतात म्हणे. तुम्हीच पकडलंत ना तिला? प्रार्थनेच्या वेळी मुलींना सांगायचं का, जाऊ नका म्हणून?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माधुरीच्या तोंडून आलं, "बघू या, बाई. इतक्यात नको." बाईंनी ते विनय म्हणून घेतलं आणि तिच्या सावधपणाचं कौतुक केलं. माधुरी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

घरी तिची आई चांगुणाबाई होती. श्रीगोंद्याकडच्या खेड्यातली, उभा जन्म लोकांच्या उसात मोळ्या बांधून दोन्ही लेकरं शिकवलेली. लेकीचं जेवणात लक्ष नाही हे तिनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून समोर बसली.

"काय केलंयस?"

"काही नाही."

"न्हाई कसं? तू ल्हान असल्यापास्नं बघते मी. दुसऱ्यानं काय केलं असलं की तू भांडतीस. अशी मुकी झालीस म्हंजी तूच काय तरी केलंय."

माधुरीनं सगळं सांगितलं. आईला कॉम्प्युटर कळत नव्हता, पण गोष्ट कळली. दुसऱ्याचं जपायला घेतलेलं उघड्यावर टाकून आली आणि आळ तिसऱ्याच पोरीवर घातला.

"मंग त्या पोरीला सांगितलं का?"

"नाही."

"आन् शबनमला?"

"तीही कॅफेवालीलाच दोष देत असेल. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आई."

"न बघू दे," चांगुणाबाई म्हणाली. "पर तुला बघावं लागल ना तिच्याकडं. ही असली मान घालून कशी बघशील? लई शिकलीस म्हून मी समद्यांना सांगत फिरते. जा, सांगून ये. माझ्याबी तोंडाला काळं नको फासू."

माधुरी दुसऱ्या दिवशी मुकुंदनगरला गेली. दार शबनमनंच उघडलं. घर अंधारलेलं. गौहर चाची पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. वलिम्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. माधुरी आली म्हटल्यावर उठून बसली, पण नेहमीसारखं 'आव बेटी' म्हणाली नाही.

माधुरीला बसवेना. ती उभीच राहिली. "चाची, शबनम, त्या कॅफेतल्या मुलीचा काही दोष नाही. परवेझभाईंचं पत्र माझ्यामुळं फुटलं. मी मेल उघडा ठेवून आले. मला बंद करता येत नव्हतं, आणि येत नाही हेही मला ठाऊक नव्हतं. मी ऐटीत सांगत राहिले, पासवर्ड असतो म्हणून."

शबनम तिच्याकडं टक लावून बघत होती.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "मुद्दाम केलंस? मला त्या दिवशी सारखं म्हणत होतीस, सांगून टाक, सांगून टाक."

"नाही! आईची शपथ, मुद्दाम नाही." माधुरी बोलली आणि थांबली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि पुरे झालं होतं. "पण तुला सांगते. परत जाताना माझ्या मनात आलं होतं, कसंही करून चाचींना कळलं तर बरं होईल. तेवढं आलं होतं मनात."

शबनमनं मान फिरवली. "मग झालं की तुझ्या मनासारखं."

माधुरीला रडू आवरेना, पण इथं रडायचा आपल्याला काय हक्क आहे, असं वाटून तिनं ओठ दाबून धरले.

गौहर चाची हातातल्या तस्बीहचे, जपमाळेचे मणी ओढत होती. मग बोलली ती माधुरीशी नव्हेच, स्वतःशीच बोलल्यासारखी. "त्या बाईनं पंगतीत माझ्या मुलाचं काढलं, आणि मला वाटलं, जमीन फाटावी. भर पंगतीत, हातात निवाला. आणि मग आठवलं, मी ह्या पोरीचं असंच काढत आले. ती ट्रे घेऊन उभी असायची. कुणी मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं." तिनं डोळे पुसले. "तू माझ्या मुलाची अब्रू घालवलीस, बेटी. ते मी विसरणार नाही. पण तुला घराबाहेर काढायचं तोंडही मला राहिलं नाही."

शबनम चहा ठेवायला गेली नाही. दारापर्यंत मात्र आली. "परवेझला कळवायला हवं," ती म्हणाली. "कुणा तिसऱ्याकडून कळण्याआधी. मी फोनवर सांगीन. ऐकू दे गल्लीला, आता राहिलंय काय लपवायचं?"

"मी यायला हवी का बूथवर?"

"नको," शबनम म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

राहिली वृषाली. माधुरीला वाटलं, सकाळी लवकर, कुणी नसताना जावं. मग तिचं तिलाच वाटलं, आळ गर्दीत घातला तर माफी एकांतात कशी? ती शनिवारी दुपारी गेली, जेव्हा कॅफे भरलेला असायचा. पण तो भरलेला नव्हता. दोनच पोरं बसली होती. मुलगी एकही नव्हती.

"वृषाली," माधुरी मुद्दाम मोठ्यानं बोलली, पोरांना ऐकू जावं म्हणून, "त्या दिवशी मी तुझ्यावर खोटा आळ घातला. माझा मेल मीच उघडा ठेवून गेले होते. तू काही वाचलं नव्हतंस. मी त्याच दिवशी त्या खुर्चीत बसून हे बघितलं, आणि तोंड लपवून पळाले. माझी चूक आहे. मला माफ कर."

वृषाली रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होती. तिनं पेन ठेवलं. "माझ्या आईला बायका नळावर विचारतात, तुमची पोरगी पत्रं वाचते का म्हणून. तिनं आठ दिवसांत मला तीनदा सांगितलं, बंद कर हे, स्थळं यायची नाहीत." ती थांबली. "तुम्ही इथं चार माणसांत सांगितलंत, बरं केलंत. पण त्या दिवशी बाहेर गेलेल्यांना कोण सांगणार?"

"मी सांगीन. शाळेत सांगीन."

आणि तिनं सांगितलं. सोमवारी प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून ती माइकपुढं उभी राहिली. सगळी शाळा समोर, आठवी-नववीच्या मुली पुढच्या रांगेत. कॅफेतल्या ताईंबद्दल आपण बोललो ते खोटं होतं, चूक आपली होती. सार्वजनिक मशीनवर आपला मेल नीट बंद केला नाही तर मागून येणारा कुणीही वाचू शकतो, आणि आपल्याला ते येत नव्हतं, असं ती म्हणाली. कुणाचं पत्र, त्यात काय, हे बोलली नाही. मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. स्टाफरूममध्ये त्या दिवशी तिच्याशी कुणी ई-मेलबद्दल बोललं नाही, त्यानंतरही कधी नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "एवढं सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती हो." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

दोन-चार मुली पुन्हा कॅफेत जाऊ लागल्या. पूर्वीइतकी गर्दी झाली नाही ती नाहीच. वृषालीनं इंग्रजी पट्ट्या काढून मराठीत लावल्या, आणि गिऱ्हाईक उठलं की स्वतः जाऊन मशीन बघू लागली. माधुरीशी ती नीट बोलायची, जेवढ्यास तेवढं.

परवेझ डिसेंबरात सुट्टीवर आला. फोनवर त्याला शबनमनं सगळं सांगितलं होतं, असं माधुरीला पुढं कधीतरी कळलं. तो आला, चौकात उभा राहिला, नमाजाला गेला. हसणारे थोडे दिवस हसले आणि थांबले. जाताना तो शबनमला बरोबर घेऊन जाणार होता. शाळेतून तिनं बिनपगारी रजा काढली होती. गौहर चाचीच त्या दोघांच्या मागं लागली होती म्हणे, की जा, इथं राहू नका.

ते निघाले त्या दिवशी माधुरीनं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर गेली. शबनमनं बोलावलं नव्हतं. मुंबईच्या गाडीपाशी बॅगा ठेवून तिघं उभी होती. शबनमनं तिला पाहिलं, जवळ आली, हात हातात घेतला. "आईंना सलाम सांग," म्हणाली. मग ती चाचीकडं वळली.

परवेझ पुढं आला. माधुरीनं त्याला याआधी लग्नात आणि एक-दोनदा घरी, एवढंच पाहिलं होतं. पण त्याच्या झोप न लागणाऱ्या रात्री, त्याच्या आठवणी, त्याची माफी, सगळं तिनं वाचलेलं होतं. तिला मान वर करवेना.

"कशा आहात, ताई?" त्यानं अगदी आदरानं विचारलं. "आई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत," माधुरी म्हणाली.

"तब्येतीला जपा म्हणावं. थंडी फार आहे."

"हो."

त्यानं वाकून बॅग उचलली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. माधुरीला म्हणायचं होतं, परवेझभाई, मला माफ करा. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण त्याच्या त्या नीटनेटक्या, सांभाळून बोलण्यापुढं ते बाहेर येईनात. तो पायरीवर चढून वळला, कपाळाशी हात नेऊन तिला सलाम केला आणि आत गेला. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत ती त्याच जागी उभी होती, आणि चाचींना घरी सोडायला रिक्षा बघायला हवी हे तिला फार उशिरा सुचलं. तोवर गौहर चाची एकटीच, हळूहळू, गेटकडं चालायला लागली होती.